घरची शाळा : संगणकावर भिस्त किती?

मे महिना सरत आला की बाजारपेठेत वह्या-पुस्तकांची आणि दप्तरांची गर्दी सुरू होते, आणि त्याच दिवसांत काही घरांतून एक प्रश्न हळूच पुढे येतो. मुलाला शाळेत घालण्याऐवजी घरीच शिकवता आले तर? कारणे प्रत्येक घराची निराळी असतात. कोणाची शाळा इतकी दूर असते की मूल संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत चौविहाराची वेळ टळते. कोणाला दरवर्षी वाढणारी फी आणि तिच्यावर पुन्हा शिकवणीचा खर्च जड होतो. काही मुले वर्गाच्या पुढे धावतात, काही मागे राहतात, आणि दोघांनाही वर्गात कंटाळा येतो. प्रश्न निघतो तेव्हा घरातील कोणीतरी एक वाक्य हमखास म्हणते : "शिकवायला संगणक आहेच की!" सगळा गोंधळ या वाक्यापाशी सुरू होतो, म्हणून ते नीट पारखून घेतले पाहिजे.

घरी शिकवण्याची कल्पना जैन परंपरेला परकी नाही. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवले ही कथा पाठशाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते; कन्यांना जवळ बसवून पित्याने दिलेले ते शिक्षण होते. व्यापारी घरांपुरते बोलायचे तर पाढे, पावकी-निमकी, व्याजाचे आकडे आणि रोजकीर्द-खतावणी या गोष्टी दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत मुले वडिलांच्या गादीशेजारी बसूनच शिकत. बदल एवढाच झाला आहे की वडिलांच्या जागी आता पडदा बसवण्याचा विचार होतो आहे. हा बदल लहान नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे अनेक महिने मुले मोबाइलसमोर बसून शिकली. त्या अनुभवावरून कोणी म्हणते, "ते जमले, तर हेही जमेल", कोणी म्हणते, "ते फसले, म्हणून हेही फसणार." दोघांचाही हिशेब चुकतो. त्या वेळी शाळाच कॅमेऱ्यातून घरी येत होती. तोच वर्ग, तेच वेळापत्रक, तेच शिक्षक. संगणकावरील अभ्यासक्रम म्हणून जो ओळखला जातो, त्यात समोर शिक्षक नसतो. धडा, उदाहरणे, सराव, चाचणी आणि गुणांची नोंद हे सारे त्या प्रणालीतच रचलेले असते. मूल आपल्या गतीने पुढे सरकते, आणि पालकाला निराळ्या पासवर्डने गुणपत्रक उघडून पाहता येते.

या कल्पनेचे मूळही एका पालकाच्या अस्वस्थतेत आहे. १९५३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताचा तास पाहण्यास गेले. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. सर्व मुलांना एकाच गतीने चालावे लागत होते, आणि सोडवलेले गणित बरोबर की चूक हे मुलाला दुसऱ्या दिवशी वही तपासून आल्यावरच कळणार होते. त्यांनी एक यंत्र बनवले. त्यात एका वेळी एकच प्रश्न समोर येई, आणि उत्तर बरोबर की चूक ते तिथल्या तिथे समजे. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात प्लेटो ही संगणकावरून शिकवण्याची प्रणाली उभी राहिली. पुढे १९९० च्या दशकात घरोघरी संगणक आले, तेव्हा अमेरिकेत घरी शिकवणाऱ्या कुटुंबांसाठी पूर्ण इयत्तेचे अभ्यासक्रम सीडीवर विकले जाऊ लागले. तेथील सर्व पन्नास राज्यांत तोवर घरच्या शिक्षणाला कायद्याची वाट मोकळी झाली होती, त्यामुळे हा बाजार चांगलाच फोफावला. खान अकॅडमीची कथाही घरगुतीच आहे. सलमान खान हे बोस्टनमध्ये गुंतवणुकीच्या व्यवसायात नोकरी करीत असताना २००४ मध्ये दूरच्या शहरात राहणाऱ्या नात्यातील बहिणीला फोनवरून गणित शिकवू लागले. तिला एककांचे रूपांतर जमत नव्हते. मग इतर भावंडेही आली. वेळा जुळेनात, म्हणून २००६ मध्ये त्यांनी धडे चित्रित करून यूट्यूबवर ठेवले आणि २००८ मध्ये संस्था स्थापन केली. चित्रित धड्यांच्या आधी दोन वर्षे एक माणूस एका मुलीशी बोलत होता, हा तपशील मात्र ही कथा सांगताना बहुधा गळून जातो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. संगणक नेमके काय शिकवू शकतो?

याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. शास्त्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. तत्त्वार्थसूत्रात क्रम व नावे थोडी वेगळी आहेत, पण आशय तोच. वाचना म्हणजे गुरूकडून पाठ घेणे, पृच्छना म्हणजे शंका विचारणे, परिवर्तना म्हणजे आवृत्ती, अनुप्रेक्षा म्हणजे मनाशी चिंतन, आणि धर्मकथा म्हणजे आपल्याला समजलेले दुसऱ्याला सांगणे. ही विभागणी आगमांच्या अध्ययनासाठी आहे हे खरे. तरी कोणतेही शिकणे या पायऱ्यांवरूनच वर चढते.

यांतील परिवर्तनेत संगणकाचा हात धरणारा कोणी नाही. अपूर्णांकांची बेरीज पन्नास वेळा करून घ्यायची तर आई चिडेल, वडिलांना दुकानातून फोन येईल, शिक्षकाला आणखी चाळीस मुले असतील. संगणक चिडत नाही. चूक झाली की त्याच प्रकारचे दुसरे गणित समोर ठेवतो, आणि चांगली प्रणाली असेल तर पंधरा दिवसांनी जुन्या धड्यातील एखादे गणित पुन्हा विचारून पाहते. वाचनाही तो बऱ्यापैकी सांभाळतो. पृथ्वीचे परिवलन, हृदयाचे स्पंदन, भूमितीतील रचना हे फळ्यापेक्षा हलत्या चित्रातून अधिक स्पष्ट होते. मुलाला न समजलेला भाग तीनदा ऐकता येतो, आणि तीनदा विचारल्याबद्दल कोणी हसत नाही. भिडस्त मुलाला हा फार मोठा दिलासा असतो. एक धडा पक्का झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही, हा बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये मांडलेला विचारही संगणकामुळे आचरणात आणणे सोपे झाले.

पृच्छनेपाशी मात्र गाडी अडते. मुलाचा खरा प्रश्न धड्याच्या चौकटीत बसत नाही. "शून्याने भागले तर काय होते?" हे विचारताना मूल कधी कधी वेगळेच काही विचारत असते, आणि ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते. बोलून उत्तर देणारी नवी साधने आता आली आहेत. ती प्रश्नाचे उत्तर देतात, पण प्रश्नामागचा गोंधळ त्यांना नेहमी दिसतोच असे नाही, आणि चुकीचे उत्तरही ती तितक्याच ठामपणे देतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्यांच्या स्वाधीन करणे योग्य नव्हे. अनुप्रेक्षा तर पडदा बंद झाल्यावरच सुरू होते. आणि समजलेले सांगायचे कोणाला? आजीला सांगता येते, धाकट्या भावाला सांगता येते. संगणकाला सांगण्यात मुलाला रस नसतो, कारण त्याला ते आधीच ठाऊक आहे हे मुलालाही ठाऊक असते.

ज्या घरांत संगणकाचा अभ्यासक्रम फसतो, त्या घरांत बहुधा पहिल्या दोन महिन्यांत सगळे उत्तम चाललेले दिसते. गुणपत्रकावर हिरव्या खुणा असतात, टक्के नव्वदच्या वर असतात, आणि आई-वडील निश्चिंत होतात. मुले मात्र हुशार असतात. चार पर्यायांतून उत्तर निवडायचे असेल तर वाचण्याची गरज नसते. एक चुकले तर दुसरे दाबायचे. काही प्रणालींत अडले की सूचना मिळते, आणखी दाबले की आणखी सूचना, आणि शेवटच्या सूचनेत उत्तरच असते. मुलाला हे चार दिवसांत कळते, आणि मग ते गणित न सोडवता सूचना दाबत जाते. हे आळशी मुलेच करतात असे नाही. दमलेले कोणतेही मूल करते. शैक्षणिक संगणकप्रणालींचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी या सवयीवर वीसेक वर्षांपासून पुष्कळ लिहिले आहे.

व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये. मुनीम कितीही प्रामाणिक असला तरी वहीतील शिल्लक आणि वखारीतील माल वर्षातून एकदा तरी मोजून ताडून पाहावा लागतो. संगणकाचे गुणपत्रक ही वही आहे. माल मुलाच्या डोक्यात आहे, आणि तो स्वतंत्रपणे मोजावा लागतो. त्याची रीत साधी आहे. आठवड्यातून एकदा, पेढी बंद असेल त्या दिवशी, संगणक मिटून कोऱ्या कागदावर पाच गणिते घालावीत : दोन या आठवड्याची, दोन मागल्या महिन्याची, एक त्याही आधीचे. मुलाने ती सोडवावीत आणि एखादे तोंडी समजावून सांगावे. त्यात अडले तर हिरव्या खुणेला काही अर्थ नाही. तो धडा पुन्हा उघडावा, रागावू नये. रोजच्या रोज एक नियम मात्र कडक असावा : संगणकाशेजारी वही आणि पेन्सिल असलीच पाहिजे, आणि गणिताच्या पायऱ्या वहीत उतरवल्याशिवाय उत्तर दाबायचे नाही. वहीतील खाडाखोड पाहिली की मूल कोठे अडखळते ते दिसते. पडद्यावर फक्त उत्तर दिसते.

बसण्याच्या वेळेबद्दलही नको तितकी महत्त्वाकांक्षा असते. सामायिकाची ४८ मिनिटे स्थिर बसणे मोठ्यांनाही सहज साधत नाही, हे प्रत्येक घराला माहीत आहे. आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मा वेळ पडद्यासमोर पुरे; मग उठावे, पाणी प्यावे, हाताने काही करावे, दुपारी पुन्हा तेवढाच वेळ बसावे. शाळेतील सहा तासांतील पुष्कळसा वेळ हजेरी, रांगा आणि वाट पाहण्यात जातो. घरी तेवढे तास भरून काढण्याचा अट्टहास केला तर मूल लवकरच कंटाळते.

भाषेचे काय, हा विचार बऱ्याचदा राहून जातो. परदेशी संगणक-अभ्यासक्रम इंग्रजीत असतो आणि लेखन तपासण्यात सर्वांत दुबळा असतो. रिकाम्या जागा भरणे, जोड्या लावणे इथवर त्याची धाव. निबंध वाचून हे वाक्य सैल आहे असे म्हणणारा माणूसच लागतो. मराठीसाठी बालभारतीची पाठ्यपुस्तके घरात असावीत; ती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि पुस्तकांतील क्यूआर कोड दीक्षा या सरकारी मंचावरील धड्यांपर्यंत नेतात. याशिवाय रोज एक पान हाताने लिहिणे आणि ते कोणीतरी वाचणे. पेढीवरच्या पत्राची नक्कल असो, पर्युषणातील क्षमापनेचे पत्र असो किंवा आजोबांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट असो. गणितासाठीही घरचा ठेवा आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यात त्रैराशिक, व्याज आणि मिश्र व्यवहारांची गणिते गोष्टीसारखी मांडलेली आहेत. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलाला त्यांतील चार गणिते घालून पाहावीत. पर्याय निवडून ती सुटत नाहीत.

विकत घेतलेल्या अभ्यासक्रमाबरोबर तो रचणाऱ्याची दृष्टीही घरात येते. अमेरिकेत घरच्या शिक्षणाचे अनेक जुने आणि स्वस्त अभ्यासक्रम ख्रिस्ती प्रकाशनसंस्थांनी तयार केले आहेत. त्यांत विज्ञान आणि इतिहास बायबलमधील सृष्टीकथेला धरून शिकवलेले आढळते. त्यांच्या श्रद्धेबद्दल आदर ठेवूनही जैन घराने हे आधी पाहून घेतले पाहिजे. जे अभ्यासक्रम धर्मनिरपेक्ष आहेत, त्यांतही आहाराच्या धड्यात प्रथिने म्हणजे मांस आणि अंडी असेच चित्र येऊ शकते. तेव्हा धडा वगळू नये. मुलाबरोबर बसून डाळी, दूध आणि शेंगदाण्यांतील प्रथिनांचा तक्ता करावा, आणि आपण काय खात नाही व का खात नाही हे त्याच निमित्ताने बोलावे. परदेशी राहणाऱ्या कुटुंबांना उत्तर अमेरिकेतील जैना या महासंघाने तयार केलेली पाठशाळेची इंग्रजी पुस्तके यासाठी उपयोगी पडतात.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. घरी शिकवायचे असे ठरले की शिकवणार कोण, हे बहुतेक घरांत न बोलताच ठरलेले असते. सकाळचा स्वयंपाक, सासू-सासऱ्यांची औषधे, पाहुणे, उपवासाची पारणी, आणि आता त्यावर दोन इयत्ता. संगणकामुळे हा भार नाहीसा होत नाही, थोडा हलका होतो एवढेच. धडा संगणक देतो. पण मुलाला उठवून बसवणे, वही पाहणे, बंद पडलेले इंटरनेट सुरू करणे आणि "आज नको" या दोन शब्दांशी रोज झुंजणे हे माणसाचे काम आहे. मुंबईतील एका मुलीची कथा काही वर्षांपूर्वी वृत्तपत्रांतून गाजली. तिने सातवीत शाळा सोडली, आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवले, आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळाला. ही कथा समाजाच्या बैठकांतून उदाहरण म्हणून ऐकवली जाते. तिच्या आईने त्यासाठी आपली नोकरी सोडली होती, हे वाक्य मात्र सांगणारे गाळतात. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीची वाट तिला बंद होती, हेही क्वचितच सांगितले जाते. ज्या घरात आईने आधीच पुरे म्हटले आहे आणि वडील रात्री नऊला पेढीवरून येतात, त्या घराने हा विचार सध्या बाजूला ठेवावा. वडील दिवसातला एक तास, तोच ठरलेला एक तास, द्यायला तयार असतील तर गोष्ट वेगळी.

कायद्याची बाजू संदिग्ध आहे, आणि ती संदिग्धता समजून घेऊनच पाऊल टाकावे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य मानतो. घरच्या शिक्षणाला त्यात निराळी मान्यता नाही, आणि कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला शिक्षाही सांगितलेली नाही. याच कायद्यात, मध्येच शाळेत येणाऱ्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद आहे. परतीचा रस्ता त्यामुळे आठवीपर्यंत मोकळा राहतो. पुढे दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा आहे. तिला वयाची चौदा वर्षे पूर्ण लागतात, नोंदणी पाच वर्षे चालते, आणि विषय एकेक करूनही देता येतात. राज्य मंडळाची वाट हवी असेल तर खासगी विद्यार्थ्यांचा १७ नंबरचा फॉर्म पुष्कळांच्या परिचयाचा आहे, आणि राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळामार्फत पाचवी व आठवीच्याही परीक्षा होतात. मूल डॉक्टर किंवा अभियंता होऊ इच्छित असेल, तर अकरावीला विषय निवडण्यापूर्वी त्या वर्षीची प्रवेशपुस्तिका स्वतः वाचावी. शेजाऱ्याच्या माहितीवर विसंबू नये.

दोन गोष्टी कटू वाटल्या तरी बोलल्या पाहिजेत. पहिली अशी की घरी शिकणारे मूल दिवसभर हाताशी असते. पेढीवर माणूस आला नाही की "तू जरा गल्ल्यावर बस" हे शब्द सहज निघतात, आणि महिन्याभरात ती सवय होते. गल्ल्यावर बसून मूल पुष्कळ शिकते, यात वाद नाही. परंतु २०१६ च्या दुरुस्तीनंतरचा बालमजुरीविरोधी कायदा चौदा वर्षांखालील मुलाला घरच्या व्यवसायात मदत करण्याची सवलत देतो ती शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत. ज्याची शाळा घरातच आहे, त्याची शाळेची वेळ कोणती हे वडिलांनी आधी भिंतीवर लिहून ठेवावे आणि ती स्वतः पाळावी.

दुसरी गोष्ट संगतीची. शाळेत 'कसलीही' मुले असतात, म्हणून घरीच बरे, असा सूर काही घरांत ऐकू येतो. कुंभोजमध्ये १८८७ साली एका जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. समाज त्यांची जयंती अभिमानाने साजरी करतो. त्याच समाजातले मूल केवळ आपल्याच आते-मामे भावंडांत वाढावे म्हणून शाळा सोडवली जात असेल, तर ते कारण पुरेसे नाही. कारण गतीचे असेल, प्रकृतीचे असेल, अंतराचे असेल, तर मैदान, ग्रंथालय, तबल्याचा किंवा पोहण्याचा वर्ग असे काहीतरी हवे, जेथे मूल परक्या मुलांशी भांडेल आणि पुन्हा मैत्री करील.

ज्यांचा निर्णय अजून पक्का नाही, त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत सहा आठवडे प्रयोग करून पाहावा. एकच विषय घ्यावा, शक्यतो गणित, आणि विनामूल्य मिळणारी प्रणाली वापरावी. वर्षाची वर्गणी आधीच भरू नये. विक्रेत्याची सवलत जूनमध्ये संपते असे दरवर्षीच सांगितले जाते. सहा आठवड्यांत वडिलांचा ठरलेला तास किती वेळा पाळला गेला याच्या खुणा कॅलेंडरवर कराव्यात, आणि साप्ताहिक पाच गणितांचे कागद एका फाइलीत तारखेनिशी लावावेत. शाळा सोडायचीच असे ठरले, तर शाळा सोडल्याचा दाखला आणि मागील सर्व इयत्तांची गुणपत्रके मुख्याध्यापकांकडून आधी मागून घ्यावीत, जन्मदाखल्यावरील आणि आधारवरील नाव व जन्मतारीख यांच्याशी ती ताडून पाहावीत, आणि चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावी. चौदाव्या वर्षी परीक्षेचा अर्ज भरताना हेच कागद लागतात, आणि तोवर शाळेतील लिपिक बदललेला असतो.